आम्ही शेअर का घेतो?

(बी. ए. अंतिम वर्ष, अर्थशास्त्र)

दिवाळी आटोपली की आमच्या भागात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. घरोघरी पाहुणे, दुपारी गर्दी आणि रात्री दंडार नाहीतर नाटक. अशा दिवसांत गावातल्या पानठेल्यावर जी चर्चा चालते, तिच्यावरून गावाचे मन कुठे गुंतले आहे ते बरोबर कळते. मी लहान असताना तेथे धानाच्या भावाची, सरकारी बोनसची आणि शंकरपटातल्या बैलजोड्यांची चर्चा ऐकत असे. दोनतीन वर्षांपूर्वीच्या मंडईत मात्र चर्चेचा विषय अगदी नवा होता. पानठेल्यासमोर उभा असलेला प्रत्येकजण मोबाईलमध्ये डोके घालून कुठल्या ना कुठल्या शेअरचा भाव पाहत होता. त्या घोळक्यात आमचे काकाजीही होते.

त्याच आठवड्यात काकाजींनी मला डीमॅट खाते उघडून मागितले. घरात शिकलेला मीच. आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक घेऊन अर्ध्या तासात मी त्यांच्या मोबाईलवर खाते उघडून दिले, आणि आपण काहीतरी मोठे काम केले असे मला वाटले. देशभर तेव्हा हेच चालले होते. मार्च २०२० मध्ये भारतात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती, ती ऑगस्ट २०२२ मध्ये दहा कोटींच्या वर गेली. या कोट्यवधींच्या भरतीत एक थेंब आमच्या घरचा.

पुढे हिवाळ्यात धानाचे चुकारे बँकेत जमा झाले. त्यातून काकाजींनी सहा रुपये भावाने एका कंपनीचे दहा हजार शेअर घेतले, म्हणजे साठ हजार रुपयांचे. भाव चारवर आला तेव्हा आणखी पाच हजार घेतले. एकूण ऐंशी हजार रुपये गेले. त्यानंतर तो भाव रोज थोडा थोडा उतरत राहिला. विकायला काढावे तर घेणारा नाही, आणि घेणारा मिळू लागला तेव्हा भाव एक रुपया दहा पैसे होता. हे पैसे ताईच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या रकमेतले होते, हे आम्हाला नंतर कळले. ताईचे एक वर्ष वाया गेले.

कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण हा लेख कंपनीविषयी नाही, घेणाऱ्याविषयी आहे. ‘काकाजी, हा शेअर का घेतला?’ असे मी त्यांना अनेकदा विचारले. दर वेळी त्यांनी वेगळे उत्तर दिले आणि दर वेळी ते मनापासून दिले. ती उत्तरे मी वहीत लिहून ठेवली. पुढे वाचन करताना लक्षात आले की ही उत्तरे एकट्या काकाजींची नाहीत. मुंबईच्या दलाल स्ट्रीटपासून अमेरिकेपर्यंत सामान्य गुंतवणूकदार हीच उत्तरे देत आला आहे. म्हणून ती वाचकांपुढे ठेवतो.

शेअर आणि बांधी

आधी शेअर म्हणजे काय ते पाहू. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक लहानसा हिस्सा. समजा, गावातल्या कोणी आपल्या बांधीचा दहावा हिस्सा विकायला काढला. आपण काय विचारू? पाणी कोणते, तळ्याचे की नहराचे? एकरी धान किती होते? बांधीवर सोसायटीचे कर्ज किती? आणि एवढे सगळे धरून मागितलेली किंमत बरोबर आहे का? कंपनीचा हिस्सा घेतानाही हेच चार प्रश्न आहेत. मिळकत कशातून होते, किती होते, कर्ज किती आहे आणि त्या मानाने भाव काय आहे.

या चारपैकी एकाही प्रश्नाला जे उत्तर लागू पडत नाही, त्याला मी या लेखात अविवेकी कारण म्हणतो. अविवेकी म्हणजे मूर्ख नव्हे. आमचे काकाजी बैल घेताना त्याचे दात, खूर, चाल सारे पाहतात. भंडाऱ्याच्या बाजारात पितळेचे भांडे घेणारी बाई टिचकी मारून नाद ऐकते आणि मग वजन करायला लावते. हीच माणसे शेअर घेताना टिचकी मारीत नाहीत, याचे कारण शोधले पाहिजे.

पहिले उत्तर : ‘स्वस्त होता’

‘सहा रुपयांत काय येते आजकाल? चहासुद्धा येत नाही. आणि मला दहा हजार शेअर मिळाले!’ हे काकाजींचे पहिले उत्तर. साठ हजारांत दहा हजार नग मिळाले, याचे त्यांना खरोखर समाधान होते.

यात एक साधी चूक आहे. शेअरचा भाव लहान असणे आणि शेअर स्वस्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी. समजा, एका कंपनीचे पन्नास कोटी शेअर आहेत आणि भाव सहा रुपये. सगळी कंपनी झाली तीनशे कोटींची. दुसरीचे फक्त दहा लाख शेअर आहेत आणि भाव तीन हजार रुपये. तीही तीनशे कोटींचीच. आता पहिलीचा वर्षाचा नफा एक कोटी आणि दुसरीचा तीस कोटी असेल, तर सहा रुपयांच्या शेअरमागे मिळकत दोन पैसे आणि तीन हजारांच्या शेअरमागे तीनशे रुपये. पहिल्या शेअरसाठी आपण वर्षाच्या मिळकतीच्या तीनशेपट मोजतो, दुसऱ्यासाठी दहापट. महाग कोणता?

१३ जून २०२३ रोजी एमआरएफ या टायर कंपनीचा एक शेअर एक लाख रुपयांवर गेला, तेव्हा पानठेल्यावर सर्वांनी ‘केवढा महाग!’ म्हणून तोंडात बोट घातले. पण एक लाख या आकड्यावरून तो महाग की स्वस्त हे ठरतच नाही. त्या कंपनीने आपल्या भाकरीचे तुकडे थोडे केले आहेत, एवढेच त्यातून कळते. बोनस शेअरचेही तसेच. एकाचे दोन झाले की भाव साधारण निम्मा होतो. भाकरीचे चारऐवजी आठ तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही. तरी बोनस जाहीर झाला की आनंद होतो, आणि त्या आनंदात लोक आणखी शेअर घेतात.

दुसरे उत्तर : ‘नाव चांगले होते’

त्या कंपनीच्या नावात ‘ॲग्रो’ हा शब्द होता. ‘शेतीची कंपनी आहे, शेतकऱ्याने नाही घ्यायची तर कोणी?’ असे काकाजी म्हणाले. ती कंपनी शेतीचे नेमके काय करते हे त्यांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते, आणि खाते उघडून देणाऱ्या मीही ते पाहिले नाही.

नावाला भुलण्याचा एक नमुना सगळ्या देशाने पाहिला आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी हाहाकार उडाला होता. त्या दिवसांत ‘बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स’ या कंपनीचा शेअर काही आठवड्यांत दुपटीहून अधिक वाढला. या कंपनीने वायू बनविण्याचा धंदा २०१९ सालीच बंद केला होता. तिची मिळकत गुंतवणुकीतून होती. ऑक्सिजन उरला होता तो फक्त नावात. घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी हे वाचले असेल? नाव वाचायला एक क्षण लागतो, ताळेबंद वाचायला एक संध्याकाळ. बाजारात घाई असली की एका क्षणाचा निर्णय संध्याकाळच्या निर्णयाला मागे सारतो.

तिसरे उत्तर : ‘सगळेच घेत होते’

पानठेल्यावरच्या एका ओळखीच्याने मोबाईलवर काकाजींना आपला नफा दाखविला. नफा खरा होता. पण त्याने नफ्याचाच शेअर दाखविला, तोट्याचा दाखविला नाही. मंडईत कोणी हरलेला डाव सांगत नाही.

गर्दीचे बळ किती असते हे १९९२ साली महाराष्ट्राने पाहिले. जानेवारीत सुमारे दोन हजारांवर असलेला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक एप्रिलमध्ये चार हजार चारशेच्या वर गेला. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर अनेक पटींनी वाढून नऊ हजारांच्या आसपास पोचला. हर्षद मेहता यांनी त्याला कारणही पुरविले होते : जुन्या कंपनीची किंमत तशीच कंपनी आज नव्याने उभी करण्याच्या खर्चावरून धरावी. ऐकायला हे शास्त्रीय वाटते. पण बाजारात ओतला जाणारा पैसा बँकांच्या रोखे व्यवहारांतून गैरमार्गाने आलेला होता. एप्रिलअखेर ते उघडकीस आले आणि बाजार कोसळला. वर चढताना सामान्य माणसाने कारण विचारले नव्हते. शेजारी घेतो हेच त्याचे कारण होते.

जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरची भागविक्री झाली तेव्हा कंपनीची एकही वीजनिर्मिती सुरू झालेली नव्हती. तरी देऊ केलेल्या शेअरच्या सुमारे सत्तरपट मागणी आली. लहान गुंतवणूकदारांना शेअर ४३० रुपयांना मिळाला. ११ फेब्रुवारीला बाजारात पहिला व्यवहार झाला आणि त्याच संध्याकाळी भाव ३७२ च्या आसपास होता. सत्तरपट अर्जांनी कंपनीची वीज एका युनिटानेही वाढली नव्हती.

सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यासही बोलका आहे. एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ या काळातल्या १४४ भागविक्रींचा त्यात विचार केला आहे. मोठ्या अँकर गुंतवणूकदारांना सोडून इतरांना मिळालेल्या शेअरपैकी मूल्याने सुमारे चौपन्न टक्के शेअर एका आठवड्यात विकले गेले. म्हणजे अर्ध्याहून अधिक माल कंपनीत भागीदार होण्यासाठी घेतलाच नव्हता. आपल्यानंतर कोणी अधिक भावाने घेईल, या भरवशावर तो घेतला होता. केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात शेअर बाजाराची तुलना अशा सौंदर्यस्पर्धेशी केली आहे की जिच्यात आपल्याला कोण सुंदर वाटते हे सांगायचे नसते, इतरांना कोण सुंदर वाटेल ते ओळखायचे असते. या स्पर्धेत शेवटी येणाऱ्यापुढे कोणीच उभे नसते.

चौथे उत्तर : ‘उतरला म्हणून आणखी घेतला’

सहाचा शेअर चारवर आला तेव्हा काकाजींनी आणखी पाच हजार घेतले. ‘सरासरी खाली आली,’ असे ते म्हणाले. सरासरी खरोखर पाच रुपये तेहेतीस पैशांवर आली. पण सरासरी ही आपल्या वहीतली गोष्ट आहे. आपण सहाला घेतला हे त्या कंपनीला ठाऊक नसते आणि बाजारालाही नसते.

डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिले की माणूस लाभ आणि हानी एकाच तराजूत मोजत नाही. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचे दुःख मोठे असते. म्हणून तोट्यात असताना माणूस तोटा मान्य करण्यापेक्षा अधिक जोखीम पत्करतो. काहनेमन यांना या कामाबद्दल २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शेफरिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ साली हीच गोष्ट गुंतवणूकदारांना लावून पाहिली : लोक नफ्यातले शेअर लवकर विकतात आणि तोट्यातले उराशी धरून बसतात. ‘माझा भाव आला की विकीन’ हे वाक्य भंडाऱ्यात जसे ऐकू येते तसेच न्यूयॉर्कमध्येही ऐकू येत असणार.

काकाजींनी आणखी शेअर घेतले ते कंपनी चांगली वाटली म्हणून नव्हे. पहिला निर्णय चुकला हे घरात सांगावे लागू नये म्हणून घेतले. हे त्यांनी स्वतःच मला नंतर सांगितले.

बाबांचे उत्तर : ‘आपल्या खाणीचा तरी घ्यायचा’

ही गोष्ट घरात उघड झाली तेव्हा बाबा काकाजींवर रागावले. ‘घ्यायचाच होता तर मॉयलचा घ्यायचा! समोर खाण दिसते. आपली माणसे कामाला आहेत.’ आम्हा सर्वांना हे अगदी शहाणपणाचे वाटले. आमचे गाव तुमसर तालुक्यातले, गोबरवाहीच्या बाजूचे. चिखल्याची भूमिगत खाण आणि डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आमच्या रोजच्या पाहण्यातली. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही आणि डोंगरीच्या खनिजाचा उपयोग बॅटरीत होतो, हे येथे शाळकरी पोरालाही माहीत असते.

परंतु मला आता वाटते की बाबांचे उत्तरही काकाजींच्याच जातीचे आहे. खाण दिसणे आणि शेअरचा भाव योग्य असणे यांचा संबंध काय? मॉयलची भागविक्री २०१० च्या नोव्हेंबरअखेर झाली. भाव ठरला ३७५ रुपये. ती विक्री केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी आपल्या मालकीतल्या वीस टक्के हिश्शाची केली होती, म्हणजे पैसा सरकारांकडे गेला. आपण पैसे घातले की ते आपल्या खाणीत जातील, ही समजूत त्या विक्रीपुरती चुकीची होती. १५ डिसेंबर २०१० रोजी बाजारात पहिल्या दिवशी शेअर ३७५ च्या बराच वर बंद झाला. त्यानंतर बरीच वर्षे तो ३७५ च्या खाली राहिला. या साऱ्या काळात खाण होती तिथेच होती आणि कामगारांची पाळी सुटल्याचा भोंगा नेहमीसारखाच वाजत होता.

याउलट मार्च २०२४ मध्ये काय झाले पाहा. मेगन नावाचे चक्रीवादळ ऑस्ट्रेलियाच्या ग्रूट आयलंड या बेटावर आदळले. तेथे जगातल्या मोठ्या मँगनीज खाणींपैकी एक आहे. माल चढविण्याचा धक्का मोडला, निर्यात थांबली, जगात मँगनीजचे भाव भडकले आणि पुढच्या काही महिन्यांत मॉयलचा शेअरही जोरात चढला. नंतर खनिजाचे भाव उतरले तसा तोही उतरला. चिखल्याच्या शेजारी राहणाऱ्या आमच्यापैकी कोणी त्या बेटाचे नावही ऐकले नव्हते. खाण आमच्या ओळखीची होती, तिचा भाव ज्यावर ठरतो ते जग ओळखीचे नव्हते.

जवळची कंपनी सुरक्षित वाटणे हाही सार्वत्रिक प्रकार आहे. गुर ह्युबरमन या अभ्यासकाने २००१ साली अमेरिकेतल्या प्रादेशिक टेलिफोन कंपन्यांचे भागधारक तपासले. लोक आपल्याच भागाला सेवा देणाऱ्या कंपनीचे शेअर अधिक घेतात असे त्याला आढळले. आम्ही शंकरपटात आपल्या गावच्या जोडीमागे उभे राहतो, तसेच हे. पटात ते शोभते, कारण तेथे आपण जोडीच्या प्रेमाने उभे असतो. ताईच्या प्रवेशाचे पैसे त्या प्रेमावर लावायचे नसतात. मॉयलचा शेअर वाईट आहे असे मी म्हणत नाही. तो घेण्याचे कारण ‘समोर दिसते’ हे असू नये, एवढेच म्हणतो.

एक आक्षेप

हा लेख मी आमच्या एका सरांना दाखविला तेव्हा त्यांनी हसून विचारले, ‘सत्तरीच्या दशकात ज्यांनी केवळ रोज वापरतो म्हणून परदेशी साबणाच्या नि दंतमंजनाच्या कंपन्यांचे शेअर घेतले, ते श्रीमंत झाले, त्याचे काय?’ आक्षेप योग्य आहे. परंतु त्या वेळची परिस्थिती पाहिली पाहिजे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने अनेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा साधारण चाळीस टक्क्यांवर आणावा लागला. त्यासाठी त्यांनी भारतीयांना शेअर विकले, आणि त्यांचा भाव सरकारचे भांडवल नियंत्रक ठरवीत. तो भाव कंपनीच्या मिळकतीच्या मानाने पुष्कळ कमी असे. म्हणजे नफा झाला तो चांगली कंपनी कमी भावात मिळाली म्हणून. दंतमंजनाची चव आवडली म्हणून नव्हे. कारण चुकीचे असूनही कधीकधी फळ गोड लागते आणि पुढच्या वेळी माणूस त्याच कारणावर दुप्पट पैसे लावतो. माझ्या मते अविवेकी कारणाचा खरा धोका पहिल्या तोट्यात नसून अशा पहिल्या नफ्यात आहे.

शिकलेल्या माणसाने आपण यातून सुटलो असे समजू नये. १७२० साली इंग्लंडमध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटला तेव्हा पैसे गमावणाऱ्यांत सर आयझॅक न्यूटन होते. आणि आमच्या घरी खाते उघडून देणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थी होता. मी काकाजींना एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मी पैसे गेल्यावर विचारला.

शेवटी

काकाजींनी ते शेअर विकले. सोळा हजार पाचशेच्या आसपास रक्कम हाती आली. ती त्यांनी आईच्या हातात दिली आणि दोन दिवस पानठेल्याकडे फिरकले नाहीत. पुढच्या वर्षी धानाचे चुकारे आल्यावर सर्वांत आधी ताईचा प्रवेश झाला. ती आता नागपूरला शिकते.

काकाजींचे खाते मी बंद करायला निघालो होतो, त्यांनी करू दिले नाही. ‘बाबू, शेअर वाईट नाही, माझे कारण वाईट होते,’ असे ते म्हणाले. आमच्यात आता एक ठराव आहे. काही घ्यायचे असेल तर आधी वहीत एका वाक्यात कारण लिहायचे, आणि त्या वाक्यात ‘स्वस्त’, ‘नाव’, ‘सगळे’, ‘उतरला’ आणि ‘आपली’ हे पाच शब्द येऊ द्यायचे नाहीत. मागच्या मंडईत त्यांनी वही उघडली, बराच वेळ पेन हातात धरला आणि मग तशीच मिटवून दंडार पाहायला निघून गेले.